थोरलीची भेट

लग्न होऊन ती घरात आली तेव्हा नणंदेनं हसत हसत बजावलं होतं, "वहिनी, या घरात तू धाकटी हं. थोरली बाहेर झाडाखाली बांधलीय."

थोरली म्हणजे हत्तीण. नवरा माहूत. आल्यागेल्या पाहुण्यांना पाठीवर बसवून डोंगरापर्यंत फिरवून आणायचं, त्यावर घर चालायचं. सवतीसारखाच तिचा थाट. आधी तिचा चारा, मग घरातली चूल.

मग कुणीतरी थोरलीच्या पायांवरच्या जखमांची तक्रार केली. सरकारी माणसं आली आणि तिला ट्रकमध्ये चढवून सोडवलेल्या हत्तींच्या आश्रमात घेऊन गेली. माहूत ट्रकमागे पडेस्तोवर धावला. त्यानंतर त्यानं अंथरूण धरलं, आणि वर्ष उलटायच्या आत त्याची उजवी बाजू लुळी पडली. ताट पुढे ठेवलं की विचारायचा, "तिनं खाल्लं असेल का गं?"

"अहो, आधी तुम्ही दोन घास खा."

तो तोंड फिरवायचा. अंगावर नुसती कातडी उरली. शेवटी तिनं आश्रमातल्या डॉक्टरीणबाईंना फोनवर गळ घातली. एकदा दाखवा, नाहीतर हा माणूस माझ्या हातचा जाईल.

बाई म्हणाल्या, "लांबून बघायचं. आमच्याकडे हत्तीला कुणी हात लावत नाही. आणि हाक तर अजिबात मारायची नाही."

चाकाच्या खुर्चीतून तिनं त्याला बघण्याच्या कट्ट्यावर नेलं. खाली तळ्याकाठी थोरली दुसऱ्या एका म्हाताऱ्या हत्तिणीला खेटून उभी होती, अंगावर चिखल उडवून घेत होती. चांगली भरली होती. माहुताच्या डोळ्यांना धार लागली. धाकटीला वाटलं, चला, निभावलं.

आणि त्यानं हाक मारली. अर्ध्या तोंडानं, फाटक्या आवाजात, पण तीच जुनी हाक.

थोरली जागीच थिजली. मग वळली आणि सरळ कट्ट्याकडे चालत आली.

"ओळखलं," तो पुटपुटला. "बघ, ओळखलं तिनं."

कट्ट्याखाली येऊन थोरलीनं पुढचा पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरून ठेवला. साखळी अडकवायला धरायची तसा. तिच्या मागच्या पायांवरून मूत ओघळायला लागलं. डोकं डावीकडे, उजवीकडे, डावीकडे झुलायला लागलं.

"यांना न्या इथून," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "हे झुलणं थांबवायला आमचं वर्ष गेलंय."

धाकटीनं खुर्ची फिरवली. तो मान वळवून मागेच बघत राहिला. थोरलीचा पाय अजून वरच होता.

घरी आल्यावर तो थोरलीबद्दल चकार शब्द बोलला नाही. ती भरवायला बसली की ओठ घट्ट मिटायचा. एका दुपारी ती त्याची पाठ पुसत होती, तेव्हा भिंतीकडे बघत त्यानं विचारलं, "मी फार मारायचो का गं तिला?"

तिचा हात थांबला. अंकुशाच्या फटक्यांचे ते आवाज ती स्वयंपाकघरातून रोज ऐकत आली होती. थोरलीच्याच कमाईवर धाकटीची मुलं मोठी झाली होती. नाही म्हणायला जीभ रेटेना.

"मारायचात," ती म्हणाली.

त्यानं डोळे मिटून घेतले. तिनं फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं, पिळलं आणि पाठ पुसत राहिली. त्यानंतर त्यानं पाण्याच्या घोटापलीकडे काही घेतलं नाही, आणि आठवडाभरात तो गेला.

डॉक्टरीणबाईंचा नंबर फोनमध्ये आहे. थोरली पुन्हा झुलायची थांबली का, हे विचारायचं तिच्या रोज मनात येतं. अजून धीर होत नाही.