डावी बाजू क्लीनरची: न्यूझीलंडमध्ये भाड्याच्या गाडीतून

सायखेड्याच्या आमच्या मळ्याला लोखंडी फाटक आहे आणि फाटकाला सिमेंटचे दोन खांब. मागच्या हिवाळ्यात पिकअपचा डावा आरसा त्यातल्या एका खांबाला लागून फुटला, तेव्हा आमच्या भास्कररावांनी खांब बांधणाऱ्या गवंड्याचा यथेच्छ उद्धार केला. थोड्याच दिवसांत नवा आरसाही तिथेच फुटला. त्या वेळी मात्र ते काहीच बोलले नाहीत. मी घाबरले ती त्या गप्प बसण्याला. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि नवऱ्याला नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. हा आजार दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात आत येतो. डॉक्टर म्हणाल्या, "थेंब नियमित टाकले तर आहे ती नजर टिकवता येईल. गेलेली परत येत नाही. आणि गाडी चालवणं तूर्त बंद."

मिसरूड फुटल्यापासून स्टिअरिंगवर बसलेला हा माणूस. आधी दुसऱ्यांचे ट्रक चालवले, मग स्वतःची पिकअप घेतली, मग द्राक्षबाग उभी केली. त्यांनी किल्ली मुकाट्याने खुंटीला अडकवली. त्या 'तूर्त' शब्दावर त्यांनी केवढी आशा बांधली होती, ते मला फार उशिरा कळलं.

"दिसतंय तोवर एकदा लांबचा मुलूख बघून घेऊ, मीना," एका संध्याकाळी जेवताना ते म्हणाले. "बर्फाचे डोंगर हायेत आन द्राक्षं पण हायेत, असा."

मी भूगोलाची शिक्षिका. न्यूझीलंडचा नकाशा इतकी वर्षं फळ्यावर काढला, पाय एकदाही ठेवला नव्हता. मे महिन्यात द्राक्षाची खरड छाटणी, म्हणजे एप्रिलमधली पहिली छाटणी, उरकलेली असते आणि शाळेला सुट्टी असते. तिथे वाहतूक आपल्यासारखी डाव्या बाजूने, त्यामुळे माझ्यासारख्या बेताच्या ड्रायव्हरला तोच देश बरा.

"आणि गाडी मी चालवायची?" मी विचारलं.

"तूच. मी तुझा क्लीनर."

ज्यांनी बाजारसमितीच्या आवारात ट्रक मागे घेताना पाहिलाय त्यांना हे सांगायला नको. ट्रकमध्ये उजवीकडचं ड्रायव्हर बघतो, डावी बाजू क्लीनरची. त्याने दारावर दोन थापा मारल्या की गाडी सोडायची, एक मारली की थांबायचं. पिकअपमधून बाजारात जाताना मीही भास्कररावांसाठी हे काम कितीदा केलं आहे.

जाणार असाल तर तयारीचं आधी सांगते. आपलं लायसन्स इंग्रजीत असेल तर तिथे चालतं. तरी मी पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढून घेतलं, कारण गाडी भाड्याने देणारे काही जण ते मागतात. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी सरकारी साइटवर स्वतः खात्री करा. गाडी ऑटोमॅटिक घ्या. अनोळखी रस्त्यावर गिअर हा एक ताप तरी कमी होतो. विमा पूर्ण घ्या, तिथे काटकसर नको. आणि करारावर ज्याचं नाव आहे त्यानेच गाडी चालवायची. दुसरा कोणी बसला आणि काही झालं, तर विमा गेला म्हणून समजा.

क्राइस्टचर्चच्या विमानतळावर पहिला हिसका बसला तो बुटांचा. त्या देशात बाहेरची माती, बी-बियाणं, फळं, मध काही चालत नाही. फॉर्मवर 'तुम्ही शेतावर गेला होता का' असं विचारतात, तिथे खरं लिहायचं. आमच्या साहेबांनी मळ्यातलेच बूट घालून आणले होते. तिथल्या मुलीने ते हसत हसत उचलून आत नेले आणि घासून, फवारून परत दिले. घरी हेच बूट धुवा म्हणून माझा घसा कोरडा पडतो. मसाले आणि चिवडा बंद पाकिटात होता, आधीच सांगितलाही होता, त्यामुळे त्याला कोणी हात लावला नाही.

गाडी घेताना काउंटरवरच्या तरुणाने किल्ली भास्कररावांपुढे धरली. साहजिक होतं. त्यांनी ती घेतली, क्षणभर मुठीत ठेवली आणि माझ्या हातात दिली.  गाडीत शिरल्यावर मी उगाच आरसे नीट करत बसले.

लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच गाडी हाकू नका. आम्ही पहिली रात्र गावातच काढली आणि सकाळी ताज्या डोक्याने टेकापोच्या तळ्याकडे निघालो. रस्ते गुळगुळीत, पण दुपदरी आणि वळणाचे. नकाशावर दिसतं त्याहून वेळ जास्त लागतो. आपण हळू असलो आणि मागे गाड्या साठल्या, की जागा बघून बाजूला व्हायचं. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. हॉर्न कोणी वाजवतच नाही. अरुंद पुलांवर एकच गाडी मावते. पुलाआधीच्या पाटीवर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर आपण थांबायचं. पहिल्या पुलावर मी थांबले, समोरचा निघून गेला, जाताना त्याने एक बोट वर करून आभार मानले. भास्कररावांना ते फार आवडलं. नंतर प्रत्येक पुलावर तेच बोट वर करायचे, समोर कोणी असो नसो. त्यांचा उजवा पाय मात्र दिवसभर गाडीच्या तळावर ब्रेक दाबत होता.

राहायला आम्ही हॉलिडे पार्कमधल्या, म्हणजे प्रवाशांच्या मुक्कामतळावरच्या, केबिन घेतल्या. हॉटेलपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात आणि सामायिक स्वयंपाकघर मिळतं. उशिरा पोचलात तर किल्ली आकडे जुळवून उघडायच्या डबीत ठेवलेली असते. आपणच कुलूप काढायचं, आपणच आत जायचं, 'या' म्हणायला कोणी नाही. मला पहिल्या दिवशी ते ओकंबोकं वाटलं, म्हणून मी मुद्दाम बाहेर उभी राहिले आणि भास्कररावांना आतून "या" म्हणायला लावलं. बाहेरचं जेवण महाग, म्हणून दुकानातून डाळ-तांदूळ आणले. कांदा भास्कररावांनी निवडला. एकेक उचलून दाबून, वास घेऊन, लासलगावात लिलावाला उभे असल्यासारखे. फोडणी पडली तशी शेजारच्या शेगडीवर अंडी तळणारी एक बाई आमच्या पातेल्यात डोकावली. तिला वाटीभर आमटी दिली, तिने आम्हाला अर्धा केक दिला.

जेवण झाल्यावर तळ्याकाठी बसलो होतो. पाणी निळं, पलीकडे बर्फ. भास्कररावांनी एक खडा उचलून पाण्यात टाकला. मग म्हणाले, "उद्या घाट उतरला की रस्ता सरळ हाय. माणूस नाय, जनावर नाय. थोडा वेळ मला दे."

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

"तूर्त म्हणल्या. थोडं कमी दिसतं, बास. समोरचं तर सगळं दिसतंय मला. इथं कोण बघतंय, मीना? एकदा चालवतो आन मग परत नाय मागणार."

सगळे नियम मला पाठ होते. पण इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं. उद्या, दुपारी."

लिंडिसचा घाट सोनेरी गवताचा, झाड म्हणून नाही. मेमध्ये तिथे हिवाळ्याचं तोंड असतं, बर्फही पडू शकतं, म्हणून सकाळी रस्त्याची खबर बघूनच निघायचं आणि गाडीवाल्याकडून चाकाच्या साखळ्या मागून घ्यायच्या. आम्हाला नुसतं गार ऊन मिळालं. पुढे क्रॉमवेलजवळ द्राक्षबागा सुरू झाल्या आणि भास्कररावांना गाडीत बसवेना. एका बागेत परवानगी विचारली. मालकीणबाई आमच्याच वयाच्या, हातात कात्री. पानं पिवळी होऊन गळत आली होती. भास्करराव एका वेलीपुढे वाकले, काडीवर बोट ठेवलं आणि खुणेने विचारलं, कुठे कापता? बाईंनी दाखवलं. भास्कररावांनी मान हलवून काडीवरचे दोन डोळे, म्हणजे फुटव्याच्या जागा, सोडून वर दाखवलं, आम्ही इथे कापतो, आणि दोन बोटं वर केली, वर्षातून दोनदा. बाई हसल्या, "टू टाइम्स? एव्हरी इयर?" भास्करराव म्हणाले, "येस. एप्रिल, ऑक्टोबर. लय काम." इतका खुललेला माणूस मी खांबाच्या त्या दिवसानंतर पाहिला नव्हता.

बागेतून हमरस्त्याला येणारा रस्ता खडीचा. आम्हाला उजवीकडे वळायचं होतं. वळलं की पुढे मोकळी जागा बघून मी त्यांना गाडी देणार होते. भास्करराव उत्साहात पुढे झुकून बसलेले, त्यामुळे माझी डावी खिडकी पूर्ण झाकली गेली होती. मी उजवीकडे बघितलं, रिकामं होतं. सवयीने विचारलं, "डावीकडे?"

त्यांनी दारावर दोन थापा मारल्या. "मोकळंय. सोड."

मी सोडली. गाडीचं नाक रस्त्याच्या मधोमध आलं आणि काचेत एकदम दुधाचा टँकर दिसला, डावीकडून, भरधाव. मी ब्रेकवर उभी राहिले. टँकर किंचित बाहेर काढून नाकासमोरून गेला. सबंध प्रवासात ऐकलेला तो एकच हॉर्न. किती तरी वेळ तो कानात वाजत राहिला.

गाडी मागे घेऊन खडीवर लावली.  मी ओरडले, "अहो, एवढा मोठा टँकर दिसला नाही तुम्हाला?"

"नाय," ते म्हणाले. "त्या बाजूचं मला दिसतच नाय."

मग सगळं बाहेर आलं. डॉक्टरांकडे एका यंत्रात डोकं घालून बसवतात. कुठेकुठे प्रकाशाचे ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. भास्करराव अंदाजाने बटण दाबत होते. ठिपका दिसो न दिसो, मध्ये थोडं थांबायचं आणि दाबायचं. डॉक्टर तेव्हा म्हणाल्या होत्या की टेस्ट नीट आली नाही, थकलेले दिसता, परत या. ते परत गेलेच नाहीत. मला सांगितलं, थोडं कमी आहे.

"खरं दाबलं असतं तर गाडी कायमची गेली असती," ते म्हणाले. "मला वाटलं, डावीकडचं काय, सांभाळून घेऊ. आज तुला मारली असती मी."

मला राग आला होता, खूप. ज्या नजरेवर औषध ठरायचं ती नजरच या माणसाने खोटी सांगितली होती. पण शेजारी बसलेल्या माणसाचा चेहरा बघितला आणि माझा हात थर्मासकडे गेला. चहा ओतला. आम्ही दोघं एकाच कपातून प्यायलो. मग मी खाली उतरून, दोन्हीकडे स्वतः चालत जाऊन रस्ता बघितला आणि गाडी उजवीकडे काढली. ती मोकळी जागा आली आणि गेली. त्यांनी काही मागितलं नाही.

म्हणून माझा एकच सल्ला मनावर घ्या, बाकीचे विसरलात तरी चालेल. शेजारच्याला रस्ता विचारा, गाणं लावायला सांगा, पण मोकळं आहे का हे विचारू नका. तो कितीही जुना ड्रायव्हर असो. तुम्हाला दिसत नसेल तर त्याला मागे टेकायला सांगा, पुढे सरका आणि स्वतः बघा.

उरलेले दिवस आम्ही हळू हिंडलो. वानाकाच्या तळ्याशी मी त्यांना विचारलं, "नेमकं कसं दिसतं हो?" ते डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. "मधलं सगळं दिसतंय गं. स्वच्छ. बर्फावरची रेघ न रेघ." मग पूर्ण मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तू बाजूला उभी राहिलीस की नसतेस. समोर ये." मी समोर जाऊन उभी राहिले. तेव्हा एका वाटसरूने आमचा फोटो काढला; एवढ्या प्रवासात तेवढा एकच दोघांचा आहे, आणि त्यात डोंगर आमच्या मागे लपला आहे.

नाशिकला आल्याच्या आठवड्यात टेस्ट पुन्हा केली. या वेळी खरी. मी दाराशी बसून बटणाचे आवाज ऐकत होते. मध्ये मध्ये फार वेळ आवाजच येत नव्हता. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू जवळजवळ गेलेली निघाली. डॉक्टरांनी थेंब बदलले आणि लेझरही केलं. आता डोळ्यातला दाब खाली आहे. आहे ती नजर राहील, अशी आशा आहे. 'तूर्त' हा शब्द त्यांनी या वेळी वापरला नाही, आणि आम्हीही विचारला नाही.

परवा दसऱ्याला मळ्यात गाड्या धुतल्या. झेंडूचे हार, हळदीकुंकू, नारळ, प्रत्येक चाकाखाली लिंबू. दरवर्षी पिकअप लिंबांवरून भास्करराव काढतात. धाकटे दीर नाना, त्यांची मुलं, वाट्याने बाग करणारी माणसं, सगळे फाटकाशी उभे होते.

"भाऊ, बसा की," नाना म्हणाले. "चार पावलं तर न्यायची. काय होतंय?"

भास्कररावांनी स्वतः वाकून चारही चाकांखालची लिंबं नीट सारली. उठले, हात झटकले आणि गाडीला वळसा घालून डावं दार उघडून बसले.

"मला तिकडचं दिसत नाय, नाना," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मीना काढंल गाडी."

 नानांनी खाली बघितलं. मी साडीचा पदर खोचून स्टिअरिंगवर बसले. भास्करराव सीटला पाठ टेकवून मागे सरकले, म्हणजे माझी खिडकी मोकळी झाली. मी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे. खांब होता, त्यावर आरशाच्या काचेचा जुना ओरखडा होता, पोरं लांब उभी होती. सगळं मोकळं होतं.

"बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"बघितलं."

मग त्यांनी हात बाहेर काढून दारावर दोन थापा मारल्या.