देश आमच्याकडे उशिरा आला

ताई मस्कतला दवाखान्यात होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि बाबांकडे पासपोर्ट नव्हता. श्रीवर्धनात अर्ज भरून देणाऱ्या दुकानात मी त्यांना घेऊन गेले. जन्माच्या देशापुढे दुकानदाराने ‘भारत’ लिहिलं आणि बाबांनी सही करायला नकार दिला.

बाबा आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवत आले होते. ते म्हणाले, “मी जन्मलो तेव्हा दिल्लीत तिरंगा फडकून तीन महिने झाले होते, पण इथं जंजिऱ्याच्या नवाबाचंच राज्य होतं. भारत इथं नंतर आला. खोटं कसं लिहू?”

“मग जंजिरा लिहू काय?” दुकानदार म्हणाला. “तो देश यादीत न्हाय, मास्तर.”

“माझी आई हिंदुस्थान म्हणायची, मी मुलांना भारत शिकवला, तुमच्या यादीत इंडिया आहे. नावं बदलली म्हणून तारीख बदलत नाही.”

आम्ही तसेच घरी परतलो. दोन दिवस मी विनवण्या केल्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांचे पाय धरले. “बाबा, देश कधी जन्मला ते तुम्ही नंतर ठरवा. ताईकडे दिवस नाहीत हो.”

त्यांनी सही केली.

पासपोर्ट आला, त्याच्या आदल्या दिवशी ताई गेली होती. बाबांनी पाकीट उघडलंच नाही.

“माझ्यामुळे उशीर झाला का गं?” त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाले. त्यांना ते पटलं नाही, आणि मलाही.