वाळूची पोती

सावेडीत शेजाऱ्यांच्या बांधकामावर ओल्या वाळूची पोती उतरली, आणि तागाच्या त्या वासानं मी पुन्हा बेचैन झालो.

तरुणपणी मी एका छोट्या गाडीच्या चाचण्या घ्यायचो. गाडी अजून बाजारात यायची होती, तिला नावही नव्हतं. माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती सीटवर बांधून संगमनेरजवळचा घाट चढायचा, वजन बदलायचं नाही, असा नियम.

एकदा घाटात तापानं फणफणलेली पोर खांद्यावर घेतलेल्या बाईनं हात केला.

"दादा, दवाखान्यापातूर सोडा."

"जागा नाही, बाई."

तिनं काचेतून आत पाहिलं. "वाळूला बसवलंय व्हय?"

मी गाडी काढली.

आज त्याच मॉडेलची गाडी माझ्या दारात आहे. घाटात कुणी हात केलेला नसतानाही माझा पाय ब्रेकवर जातो.