हात दाबणारा प्रीतम

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या घरसभेत शेवटी साखळी प्रार्थना असते. सगळे गोल बसतात, एकमेकांचे हात धरतात, डोळे मिटतात आणि एकेक जण मोठ्याने प्रार्थना करतो. ज्याला बोलायचं नसेल त्याने शेजारच्याचा हात हळूच दाबायचा, म्हणजे नंबर पुढे सरकतो. ही सोय नव्या, लाजऱ्या लोकांसाठी. प्रीतमने तिच्यावर अख्खा संसार रेटला. लग्न झाल्यापासून त्याचा नंबर आला की तो बायकोचा, मेघाचा हात दाबायचा, आणि ती बिचारी दोघांच्या वाटणीची प्रार्थना करायची.

मी नंदनवन वस्तीत त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते. सभेचा चहा माझ्याकडे असतो, म्हणून कोणाची प्रार्थना लांबणार हे मला आधण ठेवण्याआधीच कळतं. प्रीतमने मला कधी त्रास दिला नाही.

तो हिंगण्याच्या एका कारखान्यात तपासनीस आहे. मशीनमधून निघालेला प्रत्येक पार्ट मोजायचा, जरा उणाअधिक वाटला की बाजूला टाकायचा. त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. सुपरवायझर हो म्हणून विचारलं, तर नको म्हणाला. “चुकलं तं?” हा त्याचा साऱ्या जगाला एकच प्रश्न. घराची एक भिंत रंगवून बाकीच्या तशाच ठेवल्यात, कारण रंग मनासारखा जुळेना. मला त्याची दया कमी आणि राग जास्त यायचा.

मूळ त्याच्या वडिलांत होतं. लहानूमास्तर प्रार्थनेला उभे राहिले की वाटायचं, हे देवाकडून आधीच तपासून आणलंय. घरात बोली वऱ्हाडी, पण देवापुढे एकदम शुद्ध. छोटा प्रीतम जेवणाआधीच्या प्रार्थनेत “आमाले” म्हणाला की मास्तर त्याला थांबवायचे आणि पहिल्यापासून म्हणायला लावायचे. ताटातली भाजी निवून जायची. पुढे मास्तर वारले, पण प्रीतमच्या आतलं ते थांबवणं काही गेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात मेघाच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. आवाजाला धक्का लागू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. आदल्या संध्याकाळची सभा त्यांच्याच घरी होती. प्रीतम कंपनीच्या बसने आला, तोंडावर पाणी मारलं आणि तसाच भिंतीला टेकला. मी स्वयंपाकघरात कप मांडत होते. मेघा त्याच्याजवळ येऊन म्हणाली, “आज माझा हात दाबू नका. माझ्यासाठी तुम्ही प्रार्थना करा.”

“पाळकसाहेब करतीन ना वं. मले नीट जमत नाही.”

“त्यांची तं होईनच. मी थकली आता, तुमच्या वाटचं बोलून बोलून. उद्या मले आत नेतीन तवा तुमचं बोलणं सोबत पाहिजे.”

“अन् चुकलं तं?”

“देव काय माप घेऊन बसला हाय का?”

मला आतून त्याला एक धपाटा घालावासा वाटला.

सभा झाली, हात धरले गेले, नंबर त्याच्यापर्यंत आला. कूलरचा आवाज तेवढा येत होता. मी एक डोळा उघडला. चहावालीला तेवढी मुभा असते. “हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी...” एवढं म्हणून तो अडला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडला. त्याची बोटं मेघाच्या हातावर आवळायला लागली. तिने हात काढून घेतला नाही, नुसता ढिला सोडला.

“बापा,” तो म्हणाला, “मले नाही येत गा बोलता. बाबाले येत होतं. मी लय थकलो. मेघाबी थकली. तिचा आवाज राहू दे. नाही राहिला तरी तिले राहू दे. माझं चुकलं तं चुकलं, तू तिले सांभाळ. ऐकून राहिला ना?”

आणि थांबला. आमेन म्हणायचं राहूनच गेलं. सगळे डोळे मिटून वाट पाहत बसले, मग मेघानेच आमेन म्हटलं. माझा चहा उतू गेला होता आणि मला रडू येत होतं.

मी कप विसळत होते, तेव्हा तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. “काकू, मले वाटलं कोणीतरी थांबवीन. बाबासारखं. कोणी थांबवलं नाही. तो वरचा सगळं ऐकत बसला.” एवढं बोलून तो तिथेच स्टुलावर बसला. इतका दमलेला माणूस मी क्वचित पाहिला असेन, आणि इतका हलका झालेला तर नाहीच.

गाठ साधी निघाली. आवाज मात्र बसला. हळूहळू येईल म्हणतात. प्रीतम काही वेगळाच माणूस झाला नाही. भिंती अजून तशाच आहेत, पार्ट अजून परत परत मोजतो, शिफ्टवरून अजून तसाच पेंगत येतो.

मेघा घरी आल्यानंतरची पहिली सभा माझ्याकडे झाली. ती गळ्याला ओढणी गुंडाळून या वेळी प्रीतमच्या आधीच्या नंबरावर बसली. तिचा नंबर आला. तिने तोंड उघडलं, नुसती हवा आली. मग तिने प्रीतमचा हात दाबला.

“बापा,” प्रीतम म्हणाला, “आता आमा दोघांचं आईक.”