नसरीन मायक्रोस्कोपवर बसते तेव्हा

माल विकला की विसरता येतो, माल पोचवताना कानावर पडलेलं विसरता येत नाही. माझं जळगावात लॅबच्या सामानाचं दुकान. शिक्षण दहावी, बाकीचं सगळं बाटल्यांवरची लेबलं वाचून! धुळ्यात लॅब टेक्निशियनचा एक कोर्स चालतो, तिथं मी स्वतः माल घेऊन जातो. येताना गाडी रिकामी, डोकं किश्शांनी भरलेलं.

*

जामनेरच्या एका बुकबाइंडरची मुलगी, नसरीन, तिथं शिकायची. बापानं बजावलेलं, दोन वर्षं दिली. नापास झालीस की शिक्षण बंद, मग लग्न. सुई टोचायचा सराव मी विकलेल्या रबरी हातावर चाले. पहिल्याच दिवशी शीर चाचपताना ती शिकवणाऱ्या मॅडमना म्हणाली, "हा हात कोमट आहे." पोरं हसली. मी म्हटलं, उन्हात राहिला असेल. जाताना पाहिलं, त्या खोलीला खिडकीच नव्हती.

*

दुसरा किस्सा स्लाइडचा. बंद पडलेल्या एका लॅबमधून मी शिकवण्यासाठी जुन्या स्लाइडचा डबा आणून दिला होता. काचेवर वाळलेलं रक्त ते, वर्षानुवर्षं तसंच राहतं. एका स्लाइडवर नाव नव्हतं. नसरीन म्हणाली, काल यात एवढ्या पेशी नव्हत्या. मॅडमनी चिडून स्वतः मोजल्या. दुसऱ्या दिवशी परत मोजल्या. मग स्लाइड कपाटात घातली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

शिपाई नाना माझ्या कानाशी लागले, "भाऊ, तिले बठ्ठं दिखस." तिला सगळं दिसतं म्हणे.

मॅडमनी मात्र तिला ताकीद दिली, परीक्षेत असलं काही लिहिलंस तर नापास.

*

प्रॅक्टिकलच्या दिवशी मी मायक्रोस्कोपचा बल्ब बदलायला गेलो होतो. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांची एक पद्धत होती. सकाळी मॅडमच्या खोलीत स्वतःचंच रक्त काढून घ्यायचं आणि तेच सगळ्यांना तपासायला द्यायचं. मुलांना हे ठाऊक नसे. उत्तर नॉर्मल असतं, एवढंच मागच्या बॅचनं सांगून ठेवलेलं. नऊ जणांनी नीट न बघताच नॉर्मल लिहिलं.

नसरीन पेन धरून बसून राहिली. परीक्षक म्हणाले, लिही की.

"सर, नॉर्मल नाही लिहिता येत. यात कच्च्या पेशी आहेत. खूप आहेत." रक्तात कच्च्या पेशी खूप म्हणजे कॅन्सरची शंका, एवढं लेबलं वाचून मलाही ठाऊक.

मॅडमनी डोळे मिटले. परीक्षक हसत तिच्या मायक्रोस्कोपवर वाकले. बराच वेळ त्यांची मान वर आली नाही. मग एकेक करत बाकीचे नऊ मायक्रोस्कोप पाहिले.

परत येऊन त्यांनी तिच्या पेपरवर मार्क मांडले, पैकीच्या पैकी. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. एका कोपरात सकाळचा कापूस अजून चिकटलेला होता. दुसऱ्या हाताची बाही त्यांनी सावकाश वर केली.

"बेटा, परत एकदा काढ."