ब्रेकची कडी

पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टर तीन वर्षं तसाच उभा होता, आणि खटपट्यानं शेडच्या दाराला हातसुद्धा लावला नव्हता. आता बघा, या माणसानं शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पंप, पंखे, शिलाई मशिनं, एकदा तर दवाखान्यातली मोडकी खाट नीट करून दिली. म्हातारा झाला तरी लोक त्याला खटपट्याच म्हणायचे, खरं नाव कोण विचारतो! आणि त्याच्याच घरचा ट्रॅक्टर गंजत पडलेला. लोक म्हणायचे, पोटचा पोरगा त्याच्याखाली गेला, बापाचा हात धजत नसेल. हे खरंच होतं, पण अर्धं.

पोरगा कसा गेला ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. सकाळी नवरा-बायकोचं वाजलं. कशावरून? तर तिनं माहेरी कधी जायचं यावरून! सून तोंडाची फटकळ. "जा, मला तोंड दाखवू नकोस," म्हणाली. तो पाय आपटत बाहेर पडला, ट्रॅक्टर काढला आणि उताराच्या वळणावर उलटून जागीच गेला. रागाच्या भरात दामटला असणार, झालं! सगळं खापर सुनेच्या डोक्यावर. सासूनं त्या दिवसापासून तिच्याशी सरळ बोलणं टाकलं. समोर बसलेल्या सुनेला "सांगा तिला, पाणी तापलंय" असा निरोप नवऱ्यामार्फत जायचा. आणि सुनेलाही तेच पटलं होतं की मीच त्याला मारला. तोंडाळ पोर मुकी होऊन गेली. खटपट्या अधूनमधून म्हणायचा, "पोरी, तुझा काही दोष नाही गं." एवढंच म्हणायचा आणि पुढचं गिळायचा.

पुढचं काय, ते मी सांगतो. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पायटे, म्हणजे पेडल, असतात, शेजारी शेजारी. डावा पायटा डाव्या चाकाचा, उजवा उजव्याचा. शेतात कोपऱ्यावर वळताना एकच दाबायचा, म्हणजे गाडी जागच्या जागी फिरते. पण रस्त्यावर जायच्या आधी दोन्ही पायटे एका लोखंडी कडीनं जोडायचे. नाही जोडले आणि वेगात एकावरच पाय पडला, तर एकच चाक अडतं, गाडी गर्रकन फिरते आणि उलटते. म्हणून ज्यानं कडी उघडली त्यानंच ती लावायची, हा घरचा नियम. केला कुणी? खुद्द खटपट्यानं. आणि अपघाताच्या आदल्या संध्याकाळी खालचं ओलं शेत नांगरलं होतं, तेही त्यानंच. परत येताना कडी लावली होती का? आठवत नाही, असं तो स्वतःला बजावत राहिला. शेड उघडलं की डोळ्यांनी दिसणार, म्हणून शेडच उघडायचं नाही!

या वर्षी सुनेनंच विषय काढला. भाड्याचा ट्रॅक्टर दर वेळी सगळ्यांची शेतं उरकून यायचा आणि पेरणी मागे पडायची.

"बाबा, आपलाच काढू या. मी चालवीन."

तीन वर्षांत ती पहिल्यांदा काहीतरी मागत होती. नाही कसं म्हणणार? खटपट्या "बरं" म्हणाला.

दार उघडलं तर आत उंदरांचं राज्य. एअर फिल्टरमध्ये चिंध्यांचं घरटं, सीटचा स्पंज फस्त. इंजिन पार जाम झालेलं. त्यानं नोझल काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतलं आणि आठ दिवस मुरू दिलं. मग दोघांनी पुढची पुली लोखंडी पहारीनं रेटली. सूत सूत करत ती हलली तेव्हा सून चक्क हसली. तिला काम चटकन कळायचं. सुटे भाग ती रॉकेलमध्ये धुवायची, नटबोल्ट क्रमानं फळीवर मांडायची, एकाचा दुसऱ्यात घोळ नाही. चेपलेलं मडगार्ड ठोकायची वेळ आली तेव्हा मात्र हातोडी खाली ठेवून बाहेर गेली. ते त्यानं एकट्यानंच ठोकलं.

ब्रेककडे तो जाईचना. आज रेडिएटर, उद्या डिझेल पंप, परवा स्टिअरिंगचा वाकलेला रॉड. शेवटी एका सकाळी ती गॅस्केट आणायला बाजारात गेली, तेव्हा तो ट्रॅक्टरखाली उताणा सरकला आणि वर पाहिलं.

कडी उघडी होती. मागे पडलेली, आणि तिच्यावर शेतातला काळा चिखल वाळून दगड झालेला. ट्रॅक्टर उलटला तो कोरड्या रस्त्यावर. म्हणजे चिखल ओला होता तेव्हापासूनच कडी उघडी. आता आठवत नाही म्हणायलाही जागा उरली नाही. माणूस तिथंच पडून राहिला. रडलाही.

आणि मग त्यानं काय केलं? अहो, राग येतो मला सांगताना! स्क्रू-ड्रायव्हर घेतला, चिखल खरवडून काढला. तारेच्या ब्रशनं गंज घासला, डिझेलनं पुसलं, ग्रीस भरलं, वर लाल रंगाचा हात मारला. सून परत आली तेव्हा कडी नवी कोरी.

"ब्रेक एकट्यानंच केलेत?" तिनं विचारलं.

"सोपं काम होतं," तो म्हणाला.

दहा दिवसांनी इंजिन सुरू झालं. दोनदा धूर ओकून बंद पडलं, तिसऱ्यांदा पकडलं. शेजारपाजारचे जमले, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. सासू मात्र खिडकी लावून आत बसली.

दुसऱ्या सकाळी अंगणात शिकवणी. सून सीटवर, तो खाली उभा. क्लच, गिअर, ब्रेक.

"बाबा, ही कडी कशाला?"

"ती लावलेलीच ठेवायची. कायम."

"मग उघडायची सोय कशाला केली?"

फटकळ पोर जागी झाली होती ना! त्यानं गप्प बसावं, तर उद्या हीच या कडीपायी जाईल. म्हणून सांगितलं, शेतात कशी उघडायची, रस्त्यावर का लावायची.

"आणि राहिली उघडी तर?"

"उलटतो."

तिनं इंजिन बंद केलं.

"त्या दिवशी?"

"उघडी होती. मीच विसरलो, आदल्या संध्याकाळी."

"तुम्हाला कधी कळलं?"

कडीवरचा चिखल दिसला त्या दिवसाचं नाव घेता आलं असतं. नाही घेतलं त्यानं, एवढं मी त्याच्या बाजूनं म्हणेन. "पहिल्याच दिवसापासून मनात होतं," तो म्हणाला.

सून खाली उतरली. स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "आई, बाहेर या. बाबांना काही सांगायचंय."

सासू आली. खटपट्यानं सगळं सांगितलं, मान खाली घालून, एक अक्षर न गाळता. बायकोला हाताला धरून नेलं, वाकवून कडी उघडून दाखवली.

तिनं बोट लावलं. कडी आवाज न करता खाली पडली आणि पक्की बसली.

"ही? ही तर नवी कोरी आहे."

"मीच घासली गं. चिखल होता हिच्यावर, मीच काढला."

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "किती कराल हो तिच्यासाठी? पोटचा पोर गेला, तरी आता तिचं पाप स्वतःवर घेताय! देवमाणूस आहात." आणि सुनेकडे वळली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी सरळ बोलली. "म्हाताऱ्याकडून हे वदवून घेताना लाज नाही वाटली तुला?"

खटपट्या पुन्हापुन्हा "अगं, खरं सांगतोय" म्हणत राहिला. जितकं म्हणत गेला तितकी बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत गेली.

सून ट्रॅक्टरवर चढली, वाकून कडी तपासली आणि एकटीच शेताकडे निघाली.