मागची डावी टोपी

आमचे गेटपासकाका जगात कोणावरही विश्वास ठेवत नाहीत, याबद्दल तळेगावात आमच्या आळीत कुणाचंच दुमत नव्हतं. गाडी दारात लावून उतरले की ते खिशातून खडू काढायचे आणि चारही टायरांवरून खाली फरशीपर्यंत एकेक रेघ ओढायचे. सकाळी रेघा जुळतात का, ते वाकून बघायचे. शिवाय बोनेट उघडून आतला रोटर नावाचा बोटभर तुकडा काढून शर्टाच्या खिशात टाकायचे, कारण त्याच्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. त्यामुळे लग्नकार्यातसुद्धा त्यांच्या खिशावर ग्रीसचा डाग असे आणि काकू तो डाग पदराने झाकायचा प्रयत्न करत त्यांच्या शेजारी उभ्या असत.

काका एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. गेटपासशिवाय तिथून खिळासुद्धा बाहेर जात नसे आणि तोच कायदा त्यांनी घरी लावला होता. शेजाऱ्याने पाना मागितला तर जुन्या वहीचं पान फाडून लिहायचे: वस्तू, वेळ, कारण, घेणाऱ्याची सही. मी समोरच्या घरातली. सायकलच्या पंपासाठी मी सातवीत असल्यापासून सह्या केल्या आहेत. पंप परत दिला की ते माझ्यादेखत त्याची नळी ओढून बघत. एकदा मी रागावून म्हटलं, "काका, तुमचा माझ्यावर विश्वासच नाही." ते शांतपणे म्हणाले, "मंगल, मोजून दिलं आणि मोजून घेतलं की संशयाला जागा राहत नाही. जो मोजत नाही, तो मनात ठेवतो." मला हे अजिबात पटलं नाही. माझ्या मते तो निव्वळ संशयी माणसाचा बहाणा होता.

गाडी म्हणजे दुधी रंगाची अँबॅसिडर, लोणावळ्याच्या एका डॉक्टरांनी वापरून विकलेली. तिच्या भागांवर काकांनी नावं घालून घेतली होती, लग्नातल्या भांड्यांवर घालतात तशी. स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात बाबूराव म्हणून एक गृहस्थ हातातलं मशीन घर्रर्र करत ताटावाट्यांवर 'सप्रेम भेट' कोरत बसायचे. काका त्यांच्याकडे पिशवीतून जॅक न्यायचे, आरसा न्यायचे, डिकीचं कुलूप न्यायचे. प्रत्येकावर 'व. रा. शेलार, तळेगाव' आणि खाली ती वस्तू कुठून आली, ते. गॅरेजमधून गाडी परत आली की यादी हातात घेऊन एकेक नाव तपासायचे. गॅरेजवाला म्हणायचा, "काका, तुमची गाडी कोणी चोरली तर रुखवतात मांडावी लागेल." काका हसायचे नाहीत. नाव तपासून झालं की यादीवर टिक करायचे.

वर्षातून एकदा ते आम्हा सगळ्यांना गाडीत कोंबून लोणावळ्याला न्यायचे. पॉइंटवर पोचलो की आम्ही उतरायचो, काका मात्र स्टिअरिंग धरून बसून राहायचे. पार्किंगवाल्याच्या चेहऱ्यावर त्यांचा भरवसा नसे. काकू म्हणायच्या, "अहो, दरी बघायला तरी चला." हे काचेतून मान वाकडी करून म्हणायचे, "धुकं आहे. ते इथूनही दिसतंय." आम्ही आणून दिलेलं कणीस ते गाडीतच खायचे आणि दाणे सीटवर सांडू नयेत म्हणून खाली पेपर धरायचे.

गाड्या बदलल्या, सोसायट्या झाल्या, आळीतल्या घरोघरी नव्या गाड्या आल्या. काकांच्या दारात तीच. त्यांच्या पुतण्याने नवी घेऊन देतो म्हणून किती वेळा सांगितलं, पण यांचं उत्तर एकच: "आहे ती बरी आहे." मग लोकांनी आपापले अंदाज बांधले. कुणी म्हणे सीटमध्ये सोनं शिवलंय. कुणी म्हणे कागदपत्रांत काहीतरी गडबड आहे, म्हणून विकता येत नाही. मीही त्यात भर घालायची, खोटं कशाला बोलू? इतका पहारा असलेल्या गाडीत काहीतरी दडवलेलं असणारच, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं.

तरी गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं. मी बँकेत लागले त्या वर्षी काकांचा पाय मोडला आणि नेमकं त्याच आठवड्यात काकूंच्या माहेरी, बेडशाला, भाचीच्या बाळाचं बारसं आलं. काकांनी दोन दिवस विचार केला. मग मला बोलावून गेटपास लिहिला. वस्तू: गाडी एक. मी सही केली. खिशातला रोटर माझ्या तळहातावर ठेवून ते म्हणाले, "चार चाकं, चार टोप्या, एक स्टेपनी. मोजून नेतेयस. तशीच आण."

टोप्या म्हणजे चाकांवरच्या चकचकीत व्हीलकॅप, पालथ्या ताटलीएवढ्या. त्यांच्याही आतल्या बाजूला नावं होती. कामशेतहून आत वळेपर्यंत सगळं सुरळीत होतं. बेडशाच्या अलीकडे एका खड्ड्यात डावं मागचं चाक आपटलं, ठणकन आवाज झाला आणि आरशात मला ती टोपी रस्त्याच्या कडेने गडगडत जाताना दिसली. बांधावरून उडी मारून ती भाताच्या खाचरात गेली. मी गाडी थांबवून नव्या साडीनिशी गुडघाभर चिखलात उतरले. खाचरवाले आबा बांधावर उभे राहून बघत होते.

"काय हुडकताय, ताई?"

"गाडीच्या चाकाची टोपी उडाली, आबा. इथंच कुठंतरी पडलीय."

तेही उतरले. बराच वेळ दोघांनी चिखल चाचपला. शेवटी ते कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "आता न्हाई घावायची. गाळ लय हाय हितं. उगा रोपं तुडवू नगा. कापनीला घावंल."

काकू गाडीतच बसून होत्या. मी चिखलाने माखून परत आले तेव्हा त्या बाळाच्या बारशाची वाटी मांडीवर घट्ट धरून म्हणाल्या, "यांना कळता कामा नये. मी काही बघितलेलं नाही, सांगून ठेवते."

संध्याकाळी परतल्यावर मी गाडी उलट तोंडाने लावली, म्हणजे डावी बाजू भिंतीकडे जाईल. गॅलरीत प्लास्टर पसरून बसलेल्या काकांनी वरून विचारलं, "आज उलटी का लावलीस?"

"सकाळी काढायला सोपी, म्हणून."

"काढायची कुणाला आहे?" ते म्हणाले. मी रोटर काढायला बोनेट उघडलं.

प्लास्टर निघायला अजून महिना होता. सुदुंबऱ्याच्या रस्त्यावर एक भंगारवाला होता, त्याच्या ढिगाऱ्यात मला हुबेहूब तशी टोपी मिळाली. ती घेऊन मी बाबूरावांकडे गेले आणि बाकीच्या तीन टोप्यांवर होतं तसं कोरून मागितलं: 'व. रा. शेलार, तळेगाव. मागची डावी. डॉक्टरांकडून गाडीबरोबर आली.' बाबूरावांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ही तर मी पूर्वीच कोरली होती," ते म्हणाले. मी पैसे काढून समोर ठेवले. त्यांनी पुढे विचारलं नाही, मशीन सुरू केलं. त्या घर्रर्र आवाजात मला पहिल्यांदा जाणवलं की आपण चुकीवर पांघरूण घालत नाही आहोत, खोटा दस्तऐवज तयार करतो आहोत.

प्लास्टर निघाल्यावर काका काठी टेकत गाडीभोवती फिरले. प्रत्येक टोपीवर त्यांनी बोटाच्या पेराने टकटक केली. चौथीपाशी थांबून पुन्हा केली.

"हिचा आवाज जरा निराळा येतो."

"चिखल बसला असेल आत," मी म्हटलं.

"असेल," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी कधी विसरले नाही.

त्यानंतर रोज मला वाटायचं, आज हे टोपी उघडून बघणार, आज मला बोलावणार. तसं काही झालं नाही. झालं ते त्याहून वाईट. त्या दिवाळीनंतर मी एकदा पंप मागायला गेले, सवयीने सहीसाठी हात पुढे केला, तर काका म्हणाले, "राहू दे. तुला नको गेटपास." मी घरी येऊन आईला सांगितलं, नक्की काहीतरी शिजतंय. ज्या माणसाने सख्ख्या पुतण्याकडून सही घेतली, तो मला पंप नुसता देतो? सापळाच होता तो. पुढे ते गाडीसुद्धा मला तशीच द्यायला लागले. किल्ली देताना फक्त म्हणायचे, "टोप्या चार आहेत ना?" मी "हो" म्हणायचे आणि माझे कान तापायचे. काकूंनीच सांगून टाकलं असेल, असाही मला बरीच वर्षं संशय होता. त्या माझ्याशी गोड बोलल्या की तो वाढायचा.

मग एकदा पुतण्या गाडी भंगारात द्यायचा हट्ट धरून बसला आणि कधी नव्हे ते काका त्याच्यावर ओरडून घराबाहेर निघून गेले. काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. जे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, ते त्यांनी सांगितलं. काकांनी गाडी घेतली त्याच महिन्यात कारखान्याच्या स्टोअरमधून पितळी व्हॉल्व्हची एक पेटी गायब झाली होती. स्टोअरकीपरने गाडी घेतली आणि पेटी नाही, दोन्ही गोष्टी लोकांनी जोडल्या. चौकशी सहा महिने चालली. "चोर असं कुणी म्हणालं नाही गं," काकू म्हणाल्या, "नुसते विचारायचे. गाडी कशी काय घेतली, शेलार? टायर नवे दिसतात, कुठून आणले? रोज कुणीतरी विचारायचं. हे रात्री जेवायचे नाहीत." पेटी शेवटी दुसऱ्याच शेडमध्ये गोणपाटाखाली सापडली. माफी कुणी मागितली नाही. तेव्हापासून काकांनी गाडीच्या एकेका भागावर तो कुठून आला ते कोरायला सुरुवात केली.

"विका म्हटलं की म्हणतात, विकली तर लोक म्हणतील, पचवली. दारात उभी असली की ज्याला बघायचंय तो येऊन बघेल."

म्हणजे तो पहारा चोरांसाठी नव्हताच. सगळी गाडी म्हणजे त्यांचा एक लांबलचक जबाब होता आणि त्या जबाबात एकच ओळ खोटी होती, ती मी घातलेली. दुसऱ्या दिवशी मी सगळं कबूल करायचं ठरवून गेले. "काका, मला तुम्हाला एक सांगायचंय, बेडशाला गेलो होतो ना, तेव्हा..." एवढंच म्हणाले, तर ते मध्येच म्हणाले, "मंगल, चहा गार होतोय." मी पुन्हा तोंड उघडलं, तर ते उठून गाडीपाशी गेले आणि खडूच्या रेघा बघायला लागले. मला वाटलं, त्यांना माझं तोंडसुद्धा बघायचं नाही.

गेल्या वर्षी काका गेले. झोपेतच गेले. शर्ट खुंटीला होता आणि त्याच्या खिशात रोटर होता. तेराव्यानंतर काकूंनी मला हाक मारली. म्हणाल्या, "गाडी तू ने. पुतण्याला मी सांगितलंय. डिकी तेवढी रिकामी करून घे."

डिकीत स्टेपनीखाली जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उघडलं तर चाकाची टोपी. पाचवी. एका कडेला चेपलेली, गंजाचे ठिपके पडलेली. मी ती उलटी केली. 'व. रा. शेलार, तळेगाव. मागची डावी. डॉक्टरांकडून गाडीबरोबर आली.' त्याच्याखाली बाबूरावांच्याच हातच्या आणखी दोन ओळी होत्या:

'बेडशाच्या शेतात सापडली. मंगलला विचारू नये.'

काकू दारात उभ्या होत्या. "दिवाळीनंतर ते खाचरवाले आबा आले होते पिशवी घेऊन," त्या म्हणाल्या. "'नाव घातल्यालं व्हतं, म्हनून आनली,' म्हणाले. यांनी त्यांना जेवू घातलं. मग तसेच बाबूरावांकडे गेले."

"पण काकू, विचारू नये, हे कुणासाठी लिहिलंय?"

"स्वतःसाठीच गं. म्हणाले, म्हातारपणी डोकं चालेनासं झालं तर मी कधीतरी विचारून बसेन पोरीला. विचारल्यावर माणसाचं काय होतं, ते मला ठाऊक आहे."

मी डिकीच्या कडेवर बसले आणि रडले. ज्या न मागितलेल्या गेटपासला मी सापळा समजत होते, जो चहा मला तोंडावर दार आपटल्यासारखा वाटला होता, ते सगळं एका रांगेत समोर आलं. आमच्या दोघांत संशयी माणूस एकच होता आणि तो मी होते.

गाडी आता माझ्या सोसायटीत असते. सेक्रेटरी अधूनमधून विचारतात, ही अजून कशाला ठेवलीय? मी म्हणते, आहे ती बरी आहे. खऱ्या टोपीला मी हात लावला नाही, ती टॉवेलातच आहे. खोटी मात्र काढून स्टेशनजवळच्या दुकानात नेली. बाबूराव आता नाहीत, त्यांची सून मशीनवर बसते. तिला मी लिहून आणलेला कागद दिला आणि जुन्या ओळींखाली कोरायला सांगितलं: 'ही गाडीबरोबरची नव्हे. बेडशाला पहिली हरवली, म्हणून मंगलने आणून बसवली.'

तिने घर्रर्र करत ते कोरलं, फुंकर मारून चुरा उडवला आणि खाली उरलेल्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "ताई, खाली सप्रेम भेट घालू का?"

मी म्हटलं, "घाल."